विट्याच्या घरी इको डॉट लावायचाय: त्यावर काय वाजेल, त्याला काय जोडता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, आईबाबा विट्याला. त्यांच्यासाठी पाचव्या जनरेशनचा इको डॉट, म्हणजे ॲमेझॉनचा आवाजावर चालणारा छोटा स्पीकर, घेतलाय. बाबांना नाट्यसंगीत आणि आकाशवाणी ऐकायचीय, त्यांच्याकडे चारशे गाण्यांचा पेनड्राइव्ह आहे आणि मोठ्या स्पीकर्सचा एक जुना डेकसुद्धा. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पंखा, टीव्ही, एसी आणि गिझर जागेवरून चालू-बंद झाला तर हवाय. घरात फायबरचं कनेक्शन आहे. यातलं काय काय जमेल?

बहुतेक सगळं जमेल. पण ज्या क्रमाने लोक वस्तू विकत घेत सुटतात त्या क्रमाने नाही. मी सांगली-मिरज भागात गेली नऊ वर्षं घरातलं नेटवर्किंग आणि हे स्मार्ट होमचं फिटिंग करतोय, त्यातली बरीच घरं अशीच, पोरं बाहेर आणि म्हातारी माणसं घरी, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी ओळखीचा आहे.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, की या स्पीकरच्या पोटात काहीच नाही. गाणी नाहीत, एफएमचा रिसीव्हर नाही, पेनड्राइव्ह लावायला जागा नाही. 'अलेक्सा' (त्यातून बोलणाऱ्या मदतनिसाचं नाव) एवढा एक शब्द तो स्वतः ओळखतो, त्यापुढचं वाक्य नेटवरून सर्व्हरला जातं, तिथे त्याचा अर्थ लागतो आणि मग गाणं किंवा उत्तर परत येतं. म्हणून काहीही जोडायच्या आधी दोनच गोष्टी विचारायच्या: हे कुणाच्या खात्यावरून येणार, आणि त्या वस्तूपर्यंत स्पीकरचा हुकूम पोचायला वाट कुठली, वायफाय, ब्लूटूथ की इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटचा किरण. वाट नसेल तर ती वस्तू कितीही भारी असू दे, जोडता येत नाही.

आता गाण्यांचं. मराठी गाणी भरपूर वाजतात पण मराठी हुकूम त्याला कळत नाहीत, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होत नाही. अलेक्सा आपल्याकडे इंग्रजी आणि हिंदी बोलते, हिंदी २०१९च्या सप्टेंबरात आली. फोनवरच्या अलेक्सा ॲपमध्ये भाषा हिंदी आणि इंग्रजी दोन्ही एकत्र ठेवा. मग 'अलेक्सा, सुधीर फडके के गाने चलाओ', 'भीमसेन जोशी के अभंग लगाओ' हे बऱ्यापैकी चालतं. गायकाचं नाव घेतलं की लागतं, गाण्याचे शब्द सांगितले की फसतं, कारण आपला ळ आणि 'चमचा'मधला च हिंदीच्या कानाला नीट कळत नाही आणि मग तिला जे जवळचं वाटेल ते ती लावते.

मिरजेत एका आजोबांकडे हेच व्हायचं. ते 'नाट्यसंगीत' म्हणायचे आणि दर वेळी कुठलं तरी हिंदी सिनेमाचं गाणं सुरू व्हायचं. ते परत सांगायचे, आवाज चढवून, आणि आतून आजी म्हणायच्या, 'अहो, तिला काय ऐकू येत नाही का?' ऐकू येत होतं, समजत नव्हतं. मी काय केलं, त्यांच्या पसंतीच्या तीन प्लेलिस्ट बनवल्या, एक नाट्यसंगीत, एक अभंग, एक भावगीतं, आणि अलेक्सा ॲपमध्ये तीन रूटीन केली. रूटीन म्हणजे ठरलेलं एक वाक्य म्हटलं की ठरलेलं एक काम. वाक्यं ठेवली 'स्टार्ट वन', 'स्टार्ट टू', 'स्टार्ट थ्री'. जाड अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा कालनिर्णयच्या शेजारी खिळ्याला अडकवला. १ नाट्यसंगीत, २ अभंग, ३ भावगीतं. आजोबांना चष्मा न लावता वाचता येईल एवढं मोठं अक्षर. त्या दिवसापासून एकदाही फोन आला नाही की चुकीचं गाणं लागतंय. तुमच्या बाबांसाठी हेच करा, आणि सकाळचं रूटीन तर वेळेवर लावून टाका, सहा वाजता आवाज ३ वर आणि आकाशवाणी सुरू, म्हणजे तेवढ्यासाठी बोलायचीही गरज नाही.

आकाशवाणी २०१९पासून अलेक्सावर आहे. पण ती हवेतून येत नाही, नेटवरून स्ट्रीम होते, त्यामुळे खरखर नसते पण ट्रान्झिस्टरपेक्षा काही सेकंद मागे असते. घड्याळ त्यावर लावू नका एवढंच. खाजगी एफएमचं स्टेशन मिळेलच असं नाही, एकेक नाव सांगून बघा आणि जे लागलं ते लगेच रूटीनमध्ये टाका.

खातं कुणाचं हा मुद्दा लोक सोडून देतात आणि नंतर त्यावरूनच सगळा घोळ होतो. समजा तुम्ही तुमचं स्पॉटिफायचं खातं विट्याच्या स्पीकरला जोडलं. तुम्ही पुण्यात गाडीत बसलात, गाणं लावलं, की तिकडे बाबांचं गाणं मध्येच बंद. एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. त्यांना वाटतं स्पीकर बिघडला, तुम्हाला वाटतं नेट गेलं, आणि मला फोन येतो! बाबांचं वेगळं खातं काढा. फुकट खात्यावर जाहिराती येतात आणि सांगितलेलंच गाणं लागेल याची खात्री नसते, कधी कधी मिळतंजुळतं काहीतरी लागतं, म्हणून रोज ऐकणारा माणूस असेल तर पैसे भरलेलं खातं बरं पडतं. ॲमेझॉनचं मुख्य खातं तुमचं ठेवा म्हणजे पुण्यात बसून रूटीन दुरुस्त करता येतात, फक्त ॲपमध्ये जाऊन आवाजावरून होणारी खरेदी बंद करा.

नेट किती जाईल अशी काळजी फायबरवर करू नका. पण फायबर बंद पडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यायची वेळ आली तर हिशोब माहीत असावा. १६० केबीपीएसने गाणं वाजलं तर तासाला ७२ एमबी, ३२० ने वाजलं तर दुप्पट, १४४ एमबी. म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये पहिल्या क्वालिटीला वीस तास निघतात. अडचण डेटाची नसते, अडचण ही की हॉटस्पॉटवाला फोन घेऊन बाबा बाजारात गेले की आईजवळचा स्पीकर मुका.

आता डेक. तुमच्या पाचव्या जनरेशनच्या डॉटला साडेतीन एमएमची ऑडिओ पिन नाहीये. तिसऱ्या आणि चौथ्या जनरेशनच्या डॉटला होती, ह्यात काढून टाकली, आणि मला ही गोष्ट अजिबात पटलेली नाही कारण आपल्याकडे घरोघरी चांगले डेक धूळ खात पडलेत. म्हणून वायर लावता येणार नाही, पण ब्लूटूथ आहे. डेकच्या मागे ऑक्स इन लिहिलेली लाल-पांढरी भोकं असतील तर एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, पाचशे-हजार रुपयांत येतो, त्याची लाल-पांढरी पिन तिथे लावा आणि इको त्या रिसीव्हरला पेअर करा. एकदा जोडलं की अलेक्साचं बोलणंसुद्धा डेकमधून येतं. डेक आणि रिसीव्हर एकाच स्विचवर ठेवा, म्हणजे तो बंद केला की आवाज आपोआप डॉटमधून यायला लागतो. रिसीव्हर चालू आणि डेक बंद असं राहिलं तर आवाज कुठूनच येत नाही आणि घरात सगळे गोंधळतात.

हे जोडणं बाबांसाठी नक्की करा. डॉटच्या आतला स्पीकर ४४ एमएमचा, बातम्यांना आणि भजनाला पुरतो, पण तानपुऱ्याचा खर्ज त्यातून येतच नाही. मिरजेच्या त्याच आजोबांना मी एकदा डॉटवर आणि मग डेकवर तेच रेकॉर्डिंग ऐकवलं, डेकवर तानपुरा सुरू झाल्याबरोबर त्यांनी हात वर करून मला गप्प बसायची खूण केली आणि पुढची दहा मिनिटं कुणी बोललंच नाही. चांगलं ऐकणाऱ्या माणसाला छोट्या डबीवर ठेवू नये असं माझं मत आहे.

पेनड्राइव्ह थेट लागणार नाही. सोपा उपाय म्हणजे घरातला जुना, सिम नसलेला फोन. चारशे गाणी त्यात कॉपी करा, फोन चार्जिंगला लावून स्पीकरजवळ ठेवा आणि ब्लूटूथने इकोला जोडा. 'नेक्स्ट', 'पॉज', 'व्हॉल्यूम कम करो' हे आवाजाने चालतं, फक्त नाव सांगून त्यातलं ठरावीक गाणं काढता येत नाही. आणि ही मेख लक्षात घ्या, इको एका वेळी ब्लूटूथवर एकच दिशा धरतो. फोनकडून आवाज घ्यायचा किंवा डेककडे पाठवायचा, दोन्ही एकदम नाही. म्हणून पेनड्राइव्हची गाणी डेकवर हवी असतील तर फोन सरळ डेकच्या रिसीव्हरला जोडा, मध्ये इको नकोच. फोनवरचं यूट्यूबसुद्धा असंच ब्लूटूथने वाजतं, कीर्तनं-प्रवचनं ऐकणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या पण दुसरा स्पीकर घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. गुगलच्या नेस्ट मिनीवर यूट्यूब म्युझिक आवाजाने लागतं आणि फोनवरच्या बऱ्याच ॲपमधून कास्टचं चिन्ह दाबून आवाज त्यावर टाकता येतो. गुगल असिस्टंट फोनवर मराठी बोलतो म्हणून स्पीकरवरही बोलेल असं समजून घेऊ नका, तिथे हिंदी आणि इंग्रजीच. ॲपलचा होमपॉड मिनी घरात आयफोन नसेल तर घेऊच नका, तो एअरप्लेवर, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतो, ब्लूटूथने अँड्रॉइडचं गाणं त्यावर वाजत नाही.

आता आईचं काम, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं जास्त महत्त्वाचं हेच.

आधी वायफाय. स्मार्ट प्लग (वायफायवरून चालू-बंद होणारा प्लग), बल्ब, रिमोटची डबी (तिचं पुढे सांगतो), या वस्तू बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, ५ वर नाही. इको स्वतः दोन्हीवर चालतो. नवीन राउटरमध्ये दोन्ही बँडला एकच नाव असतं आणि प्लग जोडताना तो सापडतच नाही, लोक प्लग परत पाठवतात. जोडण्यापुरता ५चा बँड बंद करा, सगळं जोडून झालं की चालू करा. आणि फायबरवाला उद्या राउटर बदलायला आला तर त्याला वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवायला सांगा, अक्षर न् अक्षर तोच, म्हणजे सगळ्या वस्तू आपोआप परत जोडल्या जातात. नाहीतर एकेक प्लग काढून पहिल्यापासून, आणि ते तुमच्या आईबाबांना फोनवरून समजावताना अर्धा दिवस जातो.

एसी आणि टीव्ही इन्फ्रारेडवर चालतात, रिमोटसारखेच. इकोला इन्फ्रारेड नाही. म्हणून आयआर ब्लास्टर नावाची एक छोटी डबी मिळते, ती वायफायवरून हुकूम घेते आणि रिमोटचा किरण सोडते. भिंतीपलीकडे जात नाही, खोलीला एक लागते, आणि समोर पडदा-कपाट नको. यात एक बारकावा आहे जो दुकानात कुणी सांगत नाही. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी सगळी माहिती एकदम पाठवतो, चालू, कूल, २५ डिग्री, पंखा मध्यम. त्यामुळे 'एसी पच्चीस पर करो' नेमकं चालतं. टीव्ही आणि सेटटॉप बॉक्सच्या बऱ्याच रिमोटला मात्र पॉवरचं बटण एकच, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. डबीला टीव्हीची अवस्था दिसत नाही. आईने हातातल्या रिमोटने टीव्ही बंद केला आणि नंतर कुणी 'टीव्ही बंद करो' म्हटलं तर तो चालू होतो. म्हणून टीव्हीसाठी डबीपेक्षा टीव्हीच्या मागे लावायची ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक बरी, टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी (जोडलेल्या वस्तूला टीव्ही चालू-बंद करू द्यायची सोय) चालू केलं की चालू-बंद नीट होतं. टीव्हीचा आवाज ब्लूटूथने इकोवर घेऊ नका, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

पंखा प्लगवर जात नाही. छताचा साधा पंखा असेल तर स्विचबोर्डच्या मागे बसणारं फॅन मॉड्यूल लागतं, दिव्याचा डिमर नव्हे, डिमरवर पंखा घूं-घूं करतो आणि तापतो. या मॉड्यूलना न्यूट्रल वायर लागते. आपल्याकडे बोर्डातच सॉकेट असतो त्यामुळे न्यूट्रल बहुतेक वेळा तिथेच सापडते, नुसत्या स्विचच्या बोर्डात मात्र नसते. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. पण पंखा जुनाच झाला असेल तर माझा सल्ला, सरळ बीएलडीसी पंखा घ्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा. साधा पंखा ७०-८० वॅट खातो, हा साधारण ३० वॅट, आणि बहुतेकांबरोबर रिमोट येतो जो त्याच एसीवाल्या डबीला शिकवता येतो. ज्या दिवशी स्पीकर चालणार नाही त्या दिवशी आईच्या उशाशी रिमोट असतोच.

गिझरवर मात्र थांबून वाचा. पंधरा लिटरचा गिझर साधारण २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर ओढतो. बाजारात मिळणारे स्वस्त स्मार्ट प्लग ६ किंवा १० अँपिअरचे असतात. एका घरी मला 'प्लग आपोआप बंद पडतोय' म्हणून बोलावलं होतं. बाथरूमच्या बाहेर गेलो तेव्हाच जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. १० अँपिअरचा प्लग, त्यात अडॅप्टर घालून गिझरची जाड पिन बसवलेली, प्लगची पांढरी बाजू तपकिरी झालेली आणि पिन ओढून काढली तर एका पायाभोवतीचं प्लॅस्टिक वितळून दोऱ्यासारखं लांबलं. त्या घरात दोन लहान मुलं होती. तेव्हापासून मी गिझर आणि एसीला १६ अँपिअरच्या प्लगशिवाय हात लावत नाही, मधे अडॅप्टर तर नाहीच, आणि सॉकेट सैल असेल तर आधी सॉकेट बदलायला लावतो. गिझरसाठी असं रूटीन करा की चालू झाल्यावर वीस मिनिटांनी आपोआप बंद. भिंतीवरचा स्विच बंद असेल तर प्लगपर्यंत वीजच येत नाही आणि अलेक्सा 'डिव्हाइस रिस्पॉन्ड नहीं कर रहा' म्हणत राहते, म्हणून तो स्विच चालू ठेवून त्यावर टेप लावा.

बरेच जण शेतातली मोटर यावरून चालवता येईल का विचारतात. थ्री फेजची मोटर प्लगवर जात नाही, तिचा स्टार्टर वेगळा, आणि मोबाइल सिमवर चालणारे ऑटो स्टार्टर त्यासाठीच मिळतात. घरच्या स्पीकरच्या भानगडीत मोटर आणू नका.

लाइट जाते हे धरून चाला. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, आणि इन्व्हर्टर असेल तर स्पीकरचा पॉइंट त्यावर घ्या, कारण डॉटला गोल पिनेचा अडॅप्टर असतो, साध्या पॉवर बँकेवर तो चालत नाही. स्मार्ट बल्ब लावलेत तर ॲपमध्ये 'वीज परत आल्यावर बंदच राहा' अशी सेटिंग शोधा, नाहीतर रात्री तीन वाजता लाइट आली की बेडरूमचे बल्ब फुल ब्राइटनेसला पेटतात आणि म्हातारी माणसं दचकून उठतात. नवीन वस्तू घेताना खोक्यावर मॅटर लिहिलंय का बघा. हे स्टँडर्ड २०२२ला आलं आणि त्यामुळे तीच वस्तू अलेक्सा, गुगल, ॲपल तिघांनाही जोडता येते, उद्या स्पीकर बदलला तरी प्लग वाया जात नाहीत.

एक गोष्ट आईबाबांना समोर बसून सांगा. अलेक्साला '११२ ला फोन लाव' म्हटलं तर तो लागत नाही. तुमच्या फोनमधल्या अलेक्सा ॲपवर मात्र त्यांना आवाजाने कॉल करता येतो, तुमचं नाव कॉन्टॅक्टमध्ये सोप्या शब्दात ठेवा आणि दोनचार वेळा त्यांच्याकडून करून घ्या. पण अडीअडचणीला हातात मोबाइल आणि शेजाऱ्यांचा नंबर हवाच. माइक बंद करायचं बटण वरतीच आहे, दाबलं की लाल लाइट लागते, घरात पाहुणे असतील किंवा पैशाअडक्याचं बोलणं चाललं असेल तर ते दाबायची सवय लावा.

पहिल्या फेरीत सगळं करू नका. या शनिवारी गेलात तर फक्त गाणी, तीन रूटीन, पुठ्ठा आणि डेक. महिनाभर त्यांना वापरू दे. पुढच्या फेरीला डबी आणि एसी, पंख्याचं त्यानंतर. गिझरचा प्लग सगळ्यात शेवटी. जायच्या आधी तीन फोटो टाका: डेकची मागची बाजू, हॉलमधला स्विचबोर्ड, आणि राउटरच्या खाली चिकटवलेलं लेबल, त्यावरचा पासवर्ड झाकून. ते बघून कुठला रिसीव्हर आणि कुठलं मॉड्यूल घ्यायचं ते नेमकं सांगतो.